बँटम कोंबड्यांची छोटी अंडी : पाककृतीतली ‘चार अंडी’ म्हणजे नेमकी किती?

चिमणअंडी

परसात सहा बँटम (म्हणजे ठेंगण्या जातीच्या) कोंबड्या पाळून आता वर्ष होत आले आहे. त्यांपैकी तीन सिल्की, दोन पेकिन आणि एक सेब्राइट आहे. त्यांची अंडी न्याहारीला उकडून किंवा ऑम्लेट करून खाण्यात आजवर काहीच अडचण आली नव्हती, कारण तिथे एक जास्त घेतले किंवा एक कमी घेतले तरी कोणाचे काही बिघडत नाही. गेल्या आठवड्यात मात्र मी पहिल्यांदाच त्यांचा केक केला. पाककृतीत चार अंडी आणि मैदा, साखर व लोणी प्रत्येकी २२५ ग्रॅम असे प्रमाण होते. मी मोजून चार अंडी घातली. लोणी-साखर फेसताना सारे ठीक वाटत होते, पण मैदा घातल्यावर मिश्रण चमच्यातून पडेना, चमचा उलटा धरला तरी तसेच चिकटून राहिले. केक फुगला तो मधोमध तडकला, जाळी अजिबात पडली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सुरी लावताच त्याचा भुगा झाला. दूध घालून मिश्रण सैल करायला हवे होते का, की अंडी दुप्पट घ्यायला हवी होती? जाणकारांनी कृपया सांगावे.

काटेकोर

अंडी दुप्पट घ्यायची नाहीत आणि नुसते दूधही घालायचे नाही. आधी अंडी काट्यावर ठेवा. पाककृतीत ‘एक अंडे’ असे लिहिलेले असते तेव्हा तो खरे तर वजनाचा संक्षेप असतो. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टरफलासकट साधारण ५७ ग्रॅमचे, म्हणजे फोडल्यावर साधारण ५० ग्रॅम भरणारे अंडे असते. तुमची अंडी किती ग्रॅमची आहेत हे कळले, की पुढचे सगळे तिसरीच्या गणितात बसते.

चिमणअंडी

आत्ताच सात अंडी एकत्र ठेवून पाहिली. टरफलासकट २३८ ग्रॅम भरली, म्हणजे सरासरी ३४ ग्रॅम. सर्वांत लहान २९ ग्रॅमचे आहे (ते सेब्राइटचे) आणि सर्वांत मोठे ३८ ग्रॅमचे.

काटेकोर

मग तुमच्या केकचे काय झाले ते आकड्यांतच दिसते. अंड्याच्या वजनात टरफलाचा वाटा सुमारे ११ ते १२ टक्के असतो, त्यामुळे ३४ ग्रॅमच्या अंड्यातून हातात ३० ग्रॅम येते. चार अंड्यांचे १२० ग्रॅम झाले, पाककृतीला २०० ग्रॅम हवे होते. जे ८० ग्रॅम कमी पडले त्यांतला सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असतो, म्हणजे केकमधून जवळजवळ ६० ग्रॅम, मोजायच्या चमच्याने चार मोठे चमचे, पाणीच गायब होते. मैदा तेवढाच राहिला, त्याला ओलावा मिळाला नाही, म्हणून मिश्रण चमच्याला चिकटून बसले आणि केक दडस झाला. दूध घातले असते तर ओलावा भरून निघाला असता, पण अंड्यातली जी प्रथिने तापून घट्ट होतात आणि फुगलेल्या केकला आतून धरून ठेवतात, ती दुधाने भरून निघत नाहीत. असा केक ओव्हनमध्ये छान फुगतो आणि बाहेर काढल्यावर मध्ये बसतो.

जुनीसुगरण

काट्याशिवाय स्वयंपाक होत नाही हे मला काही पटत नाही. माझ्याकडे बँटम कोंबड्या अठरा-एकोणीस वर्षे आहेत आणि मी आयुष्यभर ‘एका मोठ्या अंड्याला दोन छोटी’ हाच हिशेब ठेवला आहे. माझे केक कधी बसले नाहीत, कधी तडकले नाहीत. चिमणअंडी, तुम्ही आठ अंडी घालून पाहा आणि निर्धास्त राहा.

ओव्हनशेजारी

ताई, तुमच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, हाच नियम वापरून माझा केक दोनदा बिघडला आहे. आठ अंडी म्हणजे २४० ग्रॅम होतात, हवी असतात २००. ते ४० ग्रॅम जास्तीचे पडले की केक ओलसर, किंचित रबरासारखा आणि अंड्याच्या वासाचा होतो. दोन्ही वेळा माझे लोणी-साखरेचे मिश्रण शेवटच्या दोन अंड्यांना फाटलेसुद्धा होते, कारण लोणी ठरावीक प्रमाणापलीकडे पाणी धरून ठेवू शकत नाही.

जुनीसुगरण

माझे मिश्रण कधी फाटत नाही. अंडी थंडगार घातली तर फाटते. ती तासभर आधी बाहेर काढून ठेवावीत.

मोजपट्टी

माझ्या मते इथे दोघांचेही बरोबर आहे आणि भांडण पुस्तकांचे आहे. ‘मोठे अंडे’ या शब्दाचा अर्थ सगळीकडे एक नाही. अमेरिकी प्रतवारीत मोठ्या अंड्यांचे डझन किमान २४ औंसांचे असावे लागते, म्हणजे एक अंडे सरासरी ५७ ग्रॅमच्या आसपास पडते. युरोपीय संघाच्या प्रतवारीत ५३ ते ६३ ग्रॅमचे अंडे मध्यम ठरते आणि ६३ ते ७३ ग्रॅमचे मोठे. म्हणजे एकीकडचे ‘मोठे’ दुसरीकडे ‘मध्यम’ या रकान्यात जाते. जुनीसुगरण ताई युरोपीय पुस्तकावरून केक करत असतील तर त्यांचे मोठे अंडे फोडल्यावर साधारण ६० ग्रॅम भरणार, आणि ३४ ग्रॅमची दोन बँटम अंडीही बरोबर ६० ग्रॅमच भरतात. ओव्हनशेजारी यांचे पुस्तक अमेरिकी असेल तर त्यांना ५० ग्रॅम हवे होते.

अमेरिकी मापाला ३४ ग्रॅमच्या अंड्यांसाठी ‘तिनाला पाच’ हे प्रमाण फार सोयीचे पडते. पाच छोट्या अंड्यांचे १५० ग्रॅम आणि तीन मोठ्यांचेही १५० ग्रॅम. सेरामा जातीच्या कोंबड्या असतील तर हे प्रमाण लागू होणार नाही, कारण त्यांचे अंडे पुष्कळदा २० ग्रॅमच्या आसपासच असते. तिथे एका मोठ्या अंड्याला तीन लागतात.

जुनीसुगरण

पुस्तक कपाटातून काढून पाहिले. प्रस्तावनेतच बारीक अक्षरांत ‘मोठी अंडी, ६३ ते ७३ ग्रॅम’ असे लिहिलेले आहे. इतकी वर्षे ती ओळ वाचलीच नव्हती. ओव्हनशेजारी, तुमचे बरोबर आहे. पण माझे केकही बरोबर आहेत!

ओव्हनशेजारी

मान्य आहे, ताई. अंडी आधी बाहेर काढून ठेवण्याचा सल्लाही मान्य आहे.

काटेकोर

चिमणअंडी यांच्या पाककृतीबद्दल एक गोष्ट राहिली. मैदा, साखर, लोणी सारख्या वजनाचे आणि चार अंडी, ही जुनी समभाग पद्धत आहे. मूळ रीत अशी की आधी अंडी टरफलासकट तोलायची आणि जितके भरेल तितकेच बाकीचे तिन्ही जिन्नस घ्यायचे. चार मोठ्या अंड्यांचे टरफलासकट वजन सुमारे २२५ ग्रॅम होते, आणि तुमच्या पाककृतीतला २२५ चा आकडा तिथूनच आलेला आहे. छोट्या अंड्यांसाठी याहून सोपी रीत नाही, कारण इथे अंड्यांची संख्या विचारावीच लागत नाही. घरात चारच अंडी असतील आणि ती १३६ ग्रॅम भरली, तर मैदा, साखर, लोणीही १३६ ग्रॅम घ्यावे. मिश्रण मूळच्या साठ टक्के होईल, त्यामुळे २० सेंटिमीटर व्यासाच्या गोल भांड्याऐवजी १५ सेंटिमीटरचे घ्यावे, म्हणजे थराची उंची जवळपास तीच राहते. बेकिंग पावडरही त्याच प्रमाणात कमी करायला विसरू नये.

बलकप्रेमी

वजन जुळवले म्हणजे प्रश्न मिटला असे सगळे गृहीत धरत आहेत, म्हणून लिहितो. बँटमच्या अंड्यात बलकाचा वाटा मोठा असतो. मी गेल्या महिन्यात माझ्याकडची दहा अंडी फोडून बलक आणि पांढरा भाग वेगवेगळा तोलला. बलक ११८ ग्रॅम आणि पांढरे १८३ ग्रॅम भरले. म्हणजे बलक ३९ टक्के झाला. मोठ्या अंड्यात तो साधारण ३५ टक्के असतो. पांढऱ्या भागात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते आणि स्निग्धांश नगण्य, तर बलकात निम्मेच पाणी आणि साधारण एक तृतीयांश स्निग्धांश. त्यामुळे वजन सारखे असले तरी पदार्थ सारखा होईलच असे नाही.

मोजपट्टी

आपले आकडे पटतात, पण ते चार अंड्यांच्या केकला लावून पाहू या. २०० ग्रॅम अंड्यांत तुमच्या हिशेबाने बलक ७८ ग्रॅम येतो, मोठ्या अंड्यांत ७० ग्रॅम. फरक ८ ग्रॅमचा, म्हणजे मोठ्या अंड्याच्या अर्ध्या बलकाहूनही कमी. लोण्याच्या केकमध्ये तो जिभेला कळणार नाही, आणि कळलाच तर केक थोडा अधिक मऊ आणि पिवळा झाला म्हणून कौतुकच होईल. ज्या पदार्थांत नुसता पांढरा भाग किंवा नुसता बलक लागतो, तिथे मात्र अंड्यांची गिनती सोडून दोन्ही भाग स्वतंत्रपणे तोलण्याला पर्याय नाही.

बलकप्रेमी

तेवढे मान्य. मेरिंगसाठी मी १०० ग्रॅम पांढऱ्याला २०० ग्रॅम साखर घेतो. त्यासाठी मला सहा अंडी फोडावी लागतात, आणि खरी कसोटी तिथे असते. अंडी जितकी जास्त, तितकी बलक फुटण्याची संधी जास्त, आणि पांढऱ्यात बलकाचा थेंब पडला की फेस नीट चढत नाही. मी तीन वाट्या घेतो. पहिल्या वाटीवर एकच अंडे फोडून पांढरे वेगळे करतो, ते स्वच्छ निघाले तरच मोठ्या भांड्यात ओततो, आणि बलक तिसऱ्या वाटीत. एकदा आळस करून सहाही अंडी एकाच भांड्यावर फोडत गेलो आणि सहाव्याचा बलक फुटला. त्या दिवशी घरी सर्वांनी ऑम्लेट खाल्ले. अंडी थंड असताना बलक कमी फुटतो, म्हणून वेगळे करण्याचे काम फ्रिजमधून काढल्याबरोबर उरकावे आणि फेटण्यापूर्वी पांढरे खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे.

नवखापाळक

एक अगदी प्राथमिक प्रश्न आहे. ही अंडी फोडायची कशी? माझ्या हातून दर वेळी टरफलाचा चुरा होतो. भांड्याच्या काठावर आपटले तर टरफल आत दबते, त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, आणि आतला पापुद्रा मात्र शाबूत राहतो. मग अंगठा घातला की बलक फुटतो.

जुनीसुगरण

काठावर आपटूच नका. अंडे डाव्या हाताच्या तीन बोटांत आडवे धरा आणि सुरीच्या धारेच्या बाजूने, मधोमध, एकच घाव घाला. हातोडीसारखा जोर नको, मनगटाचा हलका झटका पुरतो. धार टरफल आणि पापुद्रा दोन्ही एकदम कापते. चीर पडली की सुरी खाली ठेवा, दोन्ही अंगठ्यांची टोके चिरेवर टेकवा आणि पुस्तक उघडावे तसे दोन्ही अर्ध बाजूला करा. छोट्या अंड्याला पकडायला जागा कमी असते, म्हणून अंगठे आत शिरतात. ते आत जाऊ द्यायचे नाहीत, एवढे एकच लक्षात ठेवायचे. तरीही टरफलाचा कण पडलाच तर बोटाने त्याच्यामागे धावू नका, टरफलाच्याच मोठ्या तुकड्याने तो उचला.

नवखापाळक

ताई, आज सकाळी करून पाहिले. पाच अंड्यांपैकी चार नीट फुटली. पाचव्याला झटका जास्त झाला आणि अंडे ओट्यावर गेले. मनःपूर्वक आभार.

प्रश्नचिन्ह

उकडण्याच्या वेळेबद्दल कोणी सांगेल का? मी नेहमीप्रमाणे बारा मिनिटे उकडतो, पण बलकाभोवती हिरवट-करडी कडा येते आणि बलक पिठासारखा भुसभुशीत होतो.

मोजपट्टी

ती कडा जास्त उकडल्याची खूण आहे. पांढऱ्यातले गंधक आणि बलकातले लोह यांचा संयोग होऊन ती तयार होते. तिच्यापासून अपाय काही नाही, चव मात्र उतरते. उष्णता टरफलापासून मध्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ अंड्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वजनाच्या भाषेत सांगायचे तर वजन निम्म्यावर आले म्हणून वेळ निम्मा होत नाही, तो दोन तृतीयांशाच्या थोडा खाली येतो. ५८ ग्रॅमच्या अंड्याच्या जागी ३२ ग्रॅमचे घेतले तर हिशेबाने ६७ टक्के वेळ येतो. म्हणजे उकळत्या पाण्यात सोडल्यापासून मोठ्या अंड्याला मऊ बलकासाठी सहा मिनिटे लागत असतील तर याला चार पुरतात, आणि कडक बलकासाठी दहा ते बारा लागत असतील तर पावणेसात ते आठ. वेळ संपताच अंडी गार पाण्यात टाकावीत, नाहीतर आतली उष्णता आपले काम चालूच ठेवते. छोट्या अंड्यात चूक करायला वाव कमी असतो. मोठ्या अंड्यात अर्ध्या मिनिटाने जे बिघडत नाही, ते इथे बिघडते.

प्रश्नचिन्ह

आभारी आहे. आणि सोलताना निम्मे पांढरे टरफलाबरोबर निघून येते त्याचे काय करावे? अंडे मुळातच एवढेसे, त्यात सोलून उरते ते बोराएवढे.

खुराड्यापाशी

तो अंड्याच्या ताजेपणाचा दोष आहे, आकाराचा नाही. घरच्या कोंबडीचे अंडे आपण त्याच दिवशी उकडतो. ताज्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कर्बवायू विरघळलेला असतो, त्यामुळे त्याचा सामू (पीएच) ७.६ च्या आसपास राहतो आणि उकडल्यावर ते आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटते. दिवस जातात तसा तो वायू टरफलाच्या छिद्रांतून निघून जातो, सामू ९ च्या वर चढतो आणि अंडे सहज सोलले जाते. उकडण्यासाठी म्हणून आठ-दहा दिवसांपूर्वीची अंडी बाजूला ठेवावीत. मी अंड्यांवर पेन्सिलीने तारीख घालतो. ताजीच उकडायची वेळ आली तर थंड पाण्यापासून सुरुवात न करता ती थेट उकळत्या पाण्यात किंवा वाफेवर ठेवावीत आणि पाण्याखाली धरून बोथट टोकाकडून सोलावीत. त्या टोकाला हवेची पोकळी असते.

फोडून पाण्यात सोडून शिजवायच्या (पोच) अंड्यांचे नेमके उलटे आहे. तिथे सकाळी घातलेले अंडे सर्वोत्तम, कारण त्याचे पांढरे घट्ट असते, पसरत नाही, आणि बँटमच्या अंड्यात ते मुळातच थोडे असल्याने बलकाभोवती गोल गुंडाळून बसते.

ओव्हनशेजारी

उकडलेल्या छोट्या अंड्यांचे व्हिनेगरमधले लोणचे आमच्याकडे फार आवडते. एका बरणीत पंधरा-सोळा मावतात आणि एका घासात एक संपते. मसाला आत मुरावा म्हणून मी अंड्यांना काडीने टोचे मारतो.

खुराड्यापाशी

टोचे मारणे आजपासून बंद करावे, अशी कळकळीची विनंती आहे. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात अंड्यांच्या घरी केलेल्या लोणच्यातून बोटुलिझमची, म्हणजे जिवावर बेतू शकणारी, विषबाधा झाल्याची नोंद तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने प्रसिद्ध केलेली आहे. त्या अंड्यांनाही दातकोरणीने टोचे मारलेले होते आणि बरणी फ्रिजबाहेर ठेवलेली होती. टोच्यातून जंतू बलकात पोहोचतात, तिथे हवा नसते आणि व्हिनेगरचा आंबटपणा पोहोचायला वेळ लागतो. अंडी अखंड ठेवावीत आणि बरणी पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्येच असावी. छोटी अंडी मोठ्यांपेक्षा लवकर मुरतात, त्यामुळे टोच्यांची गरजही नाही.

ओव्हनशेजारी

हे ठाऊक नव्हते. फ्रिजमधली बरणी टाकून दिली.

दुधाळ

कस्टर्डबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. माझ्या मते बँटमची अंडी सर्वांत शोभतात ती कस्टर्डमध्ये, कारण बलकप्रेमी म्हणतात तो जास्तीचा बलक इथे वरदान ठरतो. अर्धा लिटर दुधाला मी पाच अंडी घेते. पांढरे कस्टर्डला घट्टपणा देते आणि बलक मऊपणा, त्यामुळे साच्यातून उलटे केले तरी ते उभे राहते आणि तरीही चमच्याखाली थरथरते.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावी लागते. प्रत्येक अंड्यात बलकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे दोन पांढरे पीळदार दोरे असतात. तीन मोठ्या अंड्यांत ते सहा असतात, पाच छोट्यांत दहा. ते शिजल्यावर घट्ट होतात आणि दाताखाली येतात, म्हणून मिश्रण बारीक चाळणीतून गाळल्याशिवाय साच्यात ओतू नये. दुसरे म्हणजे मिश्रणात कॉर्नफ्लोअर किंवा मैदा नसेल तर ८२-८३ अंशांच्या पुढे ते फाटू लागते. गॅसवर ढवळत करताना चमच्याच्या पाठीवर लेप बसला आणि बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली की त्याच क्षणी भांडे उतरवून गार पाण्यात ठेवावे. एकदा दरवाजाची घंटा वाजली म्हणून मी भांडे उतरवले पण बाजूलाच ठेवले, आणि परत येईपर्यंत तळाशी फोडणीच्या अंड्यासारखे गोळे झाले होते.

नवखापाळक

मेयोनेजमध्ये एका मोठ्या बलकाऐवजी किती छोटे बलक घालावेत?

दुधाळ

दीड म्हणता येईल, पण बलक मोजता कशाला? एक छोटा बलकही पाककृतीतल्या तेलाहून पुष्कळ जास्त तेल धरून ठेवू शकतो. मेयोनेज फुटते ते बहुधा बलक कमी पडला म्हणून नाही, तर पाणी कमी पडल्यामुळे किंवा सुरुवातीला तेल घाईने ओतल्यामुळे. छोटा बलक घेतला तर चमचाभर लिंबूरस किंवा पाणी आधीच घालावे आणि पहिले तेल थेंबाथेंबाने सोडावे. हा पदार्थ कच्चा असतो, त्यामुळे लहान मुले, गर्भवती, वृद्ध किंवा आजारी माणसे यांना घरच्या कोंबड्यांच्या अंड्यांचेही देऊ नये. ‘आपली कोंबडी स्वच्छ आहे’ हा साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूवरचा उपाय नाही. अंडे ७१ अंशांपर्यंत तापले की ती धास्ती राहत नाही.

खुराड्यापाशी

अंडी स्वयंपाकघरात येण्यापूर्वीचेही थोडे सांगतो, कारण बँटम पाळणाऱ्याला ते टाळता येत नाही. सिल्की आणि पेकिन या जाती फार लवकर खुडूक होतात. दोन-तीन दिवस अंडी उचलली नाहीत तर कोंबडी त्यांवर बसते, आणि घरात कोंबडा असेल तर अंड्यात वाढ सुरू होते. फलित अंडे रोजच्या रोज उचलून थंड जागी ठेवले तर ते खाण्यात काहीच गैर नाही, चवीतही फरक नसतो. पण झुडपाखाली अचानक सात-आठ अंड्यांचे घरटे सापडले तर ती केकच्या भांड्यावर थेट फोडू नयेत. अंधारात विजेरीसमोर धरून पाहावीत आणि तरीही एकेक करून वेगळ्या वाटीत फोडावीत. हे मी अनुभवाने सांगतो आहे, तपशील विचारू नका.

पाण्यात बुडवून पाहण्याची परीक्षा अंड्याचे वय सांगते. अंडे जुने होते तसे त्यातले पाणी उडते, हवेची पोकळी वाढते आणि अंडे तरंगते. छोट्या अंड्यात आतल्या ऐवजाच्या मानाने टरफलाचे क्षेत्र जास्त असल्याने ते वाळतेही लवकर. अंडी शक्यतो धुऊ नयेत, कारण टरफलावरचे नैसर्गिक आवरण निघून जाते. धुवायचीच झाली तर पाणी अंड्याहून कोमट असावे, थंड पाण्याने आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. कोंबड्यांना जंताचे किंवा दुसरे औषध दिले असेल तर वेष्टनावर सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत अंडी खाण्यात वापरू नयेत, केकमध्येसुद्धा नाही.

प्रश्नचिन्ह

माझ्या तलंगेने (कोवळ्या कोंबडीने) परवा पहिले अंडे घातले. जेमतेम बोराएवढे होते, आणि फोडले तर आत बलकच नाही. काही आजार असेल का?

खुराड्यापाशी

नाही. नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगेचे असे एखादे अंडे निघू शकते. काही आठवड्यांत आकार स्थिरावतो. तोपर्यंत पाककृतीसाठी तिची अंडी संख्येने मोजू नयेत.

काटेकोर

साठवणीबद्दल एक सुचवतो. अंडी जास्त जमली की ती फोडून, फेस न काढता हलक्या हाताने फेटून, ५०-५० ग्रॅमचे वाटे करून फ्रीझरमध्ये ठेवावेत. प्रत्येक डबीवर ‘एक मोठे अंडे’ असे लिहिले, की पाककृती वाचताना हिशेब उरतच नाही. नुसते पांढरेही चांगले गोठते. नुसता बलक गोठवला तर तो लुकणासारखा घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही, म्हणून त्यात आधी चिमूटभर मीठ किंवा थोडी साखर मिसळावी आणि डबीवर त्यांपैकी काय घातले तेही लिहावे. माझ्या घरी एकदा खारट कस्टर्ड झाले आहे.

चिमणअंडी

सर्वांचे मनापासून आभार. काल तोच केक पुन्हा केला. या वेळी सात अंडी फोडली, ती २०९ ग्रॅम भरली. फेटून त्यांतले २०० ग्रॅम मिश्रणात तीन-चार वेळा विभागून घातले. अंडी तासभर बाहेर ठेवलेली असूनही शेवटच्या वेळी मिश्रण किंचित फाटू लागले, तेव्हा मैद्यातला एक चमचा आधीच घातला आणि ते सावरले. मिश्रण चमच्यातून संथपणे, पण आपल्या आपण पडत होते. केक मधोमध तडकला नाही, जाळी एकसारखी पडली, आणि आज दुसऱ्या दिवशीही सुरीने सरळ काप निघाले. रंग मात्र नेहमीपेक्षा चांगलाच पिवळा आहे.

उरलेल्या ९ ग्रॅम अंड्यात चमचाभर दूध घालून ते सकाळच्या पावावर भाजण्यापूर्वी ब्रशने लावले.

जुनीसुगरण

छान झाले. आता फोटो टाका. आणि ते २९ ग्रॅमचे सेब्राइटचे अंडे होते ना, ते केकात गेले की नाही?

चिमणअंडी

नाही ताई. ते सात-साडेसात मिनिटे कडक उकडून धाकट्या मुलीला दिले. तिच्या अंड्याच्या कपात ते पार बुडाले, म्हणून कपाच्या तळाशी कागदाची घडी घालावी लागली.